निळ्या टिकल्यांची गाणी

त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हातारीने मनचं जोडलं. मी होती, खुर्चीवर, मांडीवर टीव्हीवरच्या खेळाचं ते प्लास्टिकचं गिटार. माझा आंडोर होता, मुलगा म्हणा, नोकरीवरून येऊन पाय धुवून बसलेला. त्याची बायको, माझी वहू, खाली बसून शेंगा सोलत होती. माझी धाकली जाऊ होती, ताक द्यायला आली आणि बसूनच राहिली. माझी नात होती, कॉलेजात जाते ती, भिंतीला टेकून मोबाईलमध्ये. आणि टीव्हीतली ती गर्दी, टाळ्या वाजवणारी.

टीव्हीवर भजन चाललेलं. रस्ता असतो तसा एक पट्टा वरून खाली येतो, त्याच्यावर रंगीत टिकल्या येतात. खेळात रंग चार, हिरवा, लाल, पिवळा, निळा, पण भजनात यायच्या हिरव्या-लालच. टिकली रेघेवर आली की डाव्या हाताने त्याच रंगाचं बटण दाबायचं आणि उजव्या हाताने पट्टी मारायची. मी मारत होती. मधेच माझा डावा हात घसरला आणि मांडीवर पडला, ओल्या फडक्यासारखा. मी उचलायला गेली तर उचलेना. भजन चालूच. टाळ्या चालूच.

"वा माय! आज ते एकबी टिकली सुटनी नही!" आंडोर बोलला.

मी उजवा हातसुद्धा काढून घेतला. गिटार नुसतं मांडीवर. भजन चालूच, गर्दी खूश. मी वहूकडे पाहिलं, ती शेंगांकडे पाहत होती. जावेकडे पाहिलं, तिने पदर तोंडाला लावला.

"मन्हा हात कोठे शे?" मी आंडोरला विचारलं. "दख. टीव्हीकडे नको दखू. मन्हा हात दख."

नातच बोलली. "पप्पांनी सांगं व्हतं, आजी. हरणंच बंद करी ठेयेल शे. तू वाजव, नको वाजवू, गाणं पुढे जातंच."

"तुले वाईट वाटाले नको म्हनीसन, माय," आंडोर बोलला.

मी गिटार खाली ठेवलं. आपटलं नाही, वस्तू पोरीची होती. पण इतका राग मला सासूचासुद्धा आला नव्हता, आणि सासू माझी कशी होती ते आमच्या कोरीट गावच्या जुन्या बायांना विचारा.

आता हे गिटार माझ्याकडे कसं आलं ते सांगते. हिवाळ्यात मला लकवा मारून गेला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू आला, तोंड सरळ झालं, हात अर्धा आला. अंगठा आला, त्याच्या शेजारची दोन बोटं आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काही येईना. दवाखान्यातल्या बाईने स्पंजचा चेंडू दिला, दाबत राहा बोलली. बाई भली होती. मी दाबत राहिली. पण चेंडू दाबताना सगळी बोटं एकदम मिटतात, आणि ती दोन आळशी बोटं दुसऱ्यांच्या मागे मागे जातात, वरातीत फुकट जेवणाऱ्यासारखी.

मला ती दोन बोटंच पाहिजे होती. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. तिचे रोट असतात, म्हणजे नैवेद्य, आणि रोटाचे मांडे घरातली सगळ्यात मोठी बाई करते. मांडा म्हणजे पुरणपोळी, पण पाटावर सगळी लाटायची नाही. थोडी लाटून मग दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत वाढवायची, आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांवर काठ झेलला जातो. झेलला तर वेळेवर सोडावाही लागतो, नाही तर फाटतो. आमच्या घरात फाटका मांडा रोटात ठेवत नाहीत. सासूने मला तो शिकवला. फाटला की ती गाईपुढे टाकायची आणि म्हणायची, "फाटना." एवढंच. ना शिवी, ना समजूत. मी रडली, पण मला कळायचं की फाटला.

लकव्यानंतर जाऊ पहिल्यांदा भेटायला आली तेव्हाच बोलली होती, "जिजी, औंदा तू खुर्चीवर बठ. आम्ही करसूत." गोड बोलली. गोड बोलण्याचाच मला वैताग येतो. जो तो मला बसवायलाच बघतो.

नात हा खेळ आधीपासून खेळायची. गिटार तिने सुरतच्या मैत्रिणीकडून जुनं आणलेलं, एका बाजूला चिकटपट्टी लावलेली. मी खाटेवर पडल्या पडल्या तिचा डावा हात पाहायची. तिची चारही बोटं वेगवेगळी चालायची. एक दाबलं तर बाकीची उचललेली. चेंडूसारखी एकदम नाही. मी बोलली, मला दे. सगळे हसले. मी परत बोलली, मला दे.

दिलं. मग आंडोरने पोरीला सांगितलं, आजीला भजन लाव. का, तर म्हातारी आहे. मी कधी म्हटलं होतं मला भजन आवडतं? मला लग्नातला बँड आवडतो. वरात दारावरून गेली की अजून माझा पाय हलतो, लकवा मारलेलासुद्धा. हे माझ्या पोटच्या पोराला माहीत नाही. त्याने विचारलंच नाही. पोरीने कॉम्प्युटरवर बसून भजनाच्या टिकल्या घरीच बनवल्या. बापाने सांगितलं सोप्या ठेव, म्हणून नुसत्या हिरव्या आणि लाल. म्हणजे काय? जी बोटं चालतच होती, तीच चालवली. पिवळं आणि निळं बटण मी कधी दाबलंच नाही. ती दोन बोटं जावयासारखी बसून राहिली. आणि मी उन्हाळाभर खूश, की मला कोणी हरवत नाही!

त्या दिवशी आंडोर जेवून उठला, जाऊ गेली, तेव्हा मी नातीला हाक मारली.

"हरणं चालू कर."

"पप्पा रागावतील."

"तुन्हा बापले मी जन्म दियेल शे. चालू कर. आणि मले गाणी दखाड. ऐकव नको, दखाड. निळ्या टिकल्या कोणत्या गाण्यात शेत?"

ती जरा थांबली, मग हसली आणि खाली मांडी घालून बसली. मग आम्ही गाणी निवडली. आवाज बंद ठेवून. पहिलं तिने लावलं ते इंग्रजी होतं, मला काय कळणार, पण निळ्या टिकल्या पावसाच्या गारांसारख्या पडत होत्या. मला वाटलं हेच पाहिजे. आवाज चालू केला, गिटार घेतलं. पट्टा सुरू झाला नाही तोवर टीव्हीतली गर्दी ओरडायला लागली, हूऽऽ करून, आणि गाणं बंद पडलं.

काय राग आला! कधी दारावर उभे केले नसते असे लोक, केस वाढवलेले, ते मला हुर्यो करतात! मी बोलली, परत लाव. परत हुर्यो. परत लाव.

"आजी, ह्यानी काय व्हवाव नही," नात बोलली. "दारातच हारशी ते घरमा काय शे ते कसं समजी? आपल्याला असं गाणं पाहिजे की अर्ध्यापर्यंत जाशील आणि अर्ध्यात हरशील. मग त्या अर्ध्याचाच तुकडा घोकायचा."

ही गोष्ट मला पटली. सासूनेसुद्धा पहिल्या दिवशी मला आख्खा मांडा दिला नव्हता. भाकरीएवढा दिला होता.

मग सापडली गाणी. एक होतं त्याच्यात निळी टिकली एकटी यायची, सावकाश, बैलाच्या चालीने. ती करंगळीची. दुसरं होतं त्याच्यात पिवळी आणि निळी जोडीने यायच्या. ते मला फार जड गेलं, एक दाबली की दुसरी उठायची, सासूसुनेसारखं. आणि तिसऱ्यात निळ्या टिकलीला लांब शेपूट होतं. शेपूट असेपर्यंत बटण धरून ठेवायचं, आणि शेपूट संपलं की लगेच हिरवं. मला वाटलं होतं धरणं कठीण. धरणं सोपं निघालं. लकव्याचं बोट एकदा मिटलं की उघडत नाही. माझी करंगळी निळ्यावरच बसून राहायची आणि हिरवं चुकायचं. सोडणंच कठीण होतं. मांड्याचा काठही तसाच सोडायचा असतो, हे मला त्या गाण्याने दाखवलं, आणि मी त्या गाण्यावर अडून बसली.

नात म्हणायची, रोज हेच? दुसरं लाव ना, हे ऐकून माझं डोकं उठलं. मी म्हणायची, उठू दे. ती स्वतः काय करायची? येणारीच गाणी परत परत वाजवायची, टीव्हीत तारे मिळतात म्हणून. चुलत भावंडं आली की तीच वाजवून दाखवायची. एक अवघड गाणं होतं, त्याच्यापुढे ती कधीपासून अडलेली, पण ते लावायचीच नाही.

"तू बी भजनच वाजाडी ऱ्हायनी," मी एकदा बोलली.

तिचं तोंड लाल झालं. गिटार माझ्या हातातून घेतलं, ते अवघड गाणं लावलं, आणि हरली. परत लावलं, परत हरली. मग आम्ही दोघी पाळीपाळीने हरायला लागलो. घरात दिवसभर हुर्यो. वहू म्हणायची, काय हे, शेजारी काय म्हणतील, घरात तमाशा बसला की काय.

जाऊ यायची, दारात उभी राहायची. "जिजी, कानबाईपुढे गिटार वाजाडशी का वं?"

"वाजाडसु," मी बोलली. "तू टाळ्या वाजाड. तुले तेच येस."

आंडोर दोनदा बोलला, माय, त्रास नको करून घेऊ, ते भजन बरं होतं. मी त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. आईला 'नाही' म्हणायचं नाही, आईला 'चुकलं' म्हणायचं नाही, अशी त्याची समजूत. ही माया नाही. मायेचं माणूस तुमच्याकडे पाहतं. तो टीव्हीकडे पाहत होता.

कानबाई आली. शनिवारी दळण झालं. रविवारी मी अंघोळ करून चुलीपुढे बसली. जाऊ शेजारी पदर खोचून तयार, जशी काही माझ्या पडण्याची वाटच पाहत. भाऊबंदांच्या बाया सगळ्या. नात दारात, कॉलेजचा ड्रेस सोडून साडी नेसलेली, जाळाचा धूर डोळ्यांत जात होता तिच्या.

मी पुरण भरलेला उंडा घेतला, लाटला, हातावर घेतला. उजवा हात फिरला. डावा फिरला. काठ करंगळीवर आला, करंगळीने धरला, आणि सोडलाच नाही. टर्रकन फाटला. पुरण माझ्या कोपरावर.

 चुलीत काटकी तडकली. मग वहू बोलली, "व्हस असं, माय. चालस."

"नही चालत!" मी ओरडली. "रोटनं शे ते! फाटना ते फाटना म्हना ना कोनी!"

सगळ्या खाली पाहतात. आणि दारातून माझी नात, तोंडाशी दोन्ही हात धरून, "हूऽऽऽऽ!" त्या टीव्हीतल्या गर्दीसारखी, मोठ्याने.

जावेच्या हातातलं उलथणं पडलं. "कानबाईना घरमा हुर्यो करस ही पोर!" वहू पोरीला मारायला उठली. मी तिचा पदर धरला, डाव्या हाताने, हे मागून ध्यानात आलं.

"बठ," मी बोलली. "तिले कळस. गाईपुढे टाक तो." आणि दुसरा उंडा घेतला.

दुसऱ्याला मी कोणाकडे पाहिलं नाही. शेपूट येतंय, येतंय, संपलं. सोड. काठ सुटला. मांडा खापरावर पडला, कडा सरळ, कुठे भोक नाही. मी लगेच पुढचा घेतला. मधे एक फाटला, तो मीच बोलली, फाटना. मग हात थकला, करंगळी परत मिटून बसली. तेव्हा मी उठली आणि जावेला बोलली, आता तू कर, माझा हात थांबला. माझा हात थांबला तेव्हा मी थांबली. कोणी खुर्चीवर बसवलं म्हणून थांबली नाही.

जावेने बाकीचे केले. चांगले केले. तिचाही एक फाटला. मी हूऽऽ केलं. ती आधी रागावली, मग पदरात तोंड घालून हसली.

पण राग माझा गेला नाही. रोट खायला भाऊबंद पंगतीत बसले तेव्हा आंडोर सगळ्यांना सांगत होता, "माय रोज भजन वाजाडे, त्यानीच हात सुधरना." मी वाढत होती. डाव्या हातात ताट होतं. तिथेच उभी राहून बोलली, "भजन तुन्हं व्हतं. मन्हं गाणं निळी टिकलीनं." पंगतीतल्या कोणाला कळलं नाही. नातीला कळलं, ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

तिचं ते अवघड गाणं अजून अर्ध्यातच हरतं. माझी करंगळी थंडीत अजून मिटते. आम्ही दोघी वाजवतो.

हे जो कोणी वाचेल त्याला एवढंच सांगणं. तुमच्या घरात कोणाचा हात असा पडलेला असेल, तर त्याच्यासाठी गाणं लावायच्या आधी त्याला विचारा, कोणतं लावू. आणि चुकलं तर चुकलं म्हणा.