दोन डिस्कमधली जुनी कोणती

शाहूपुरीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी शटर उघडत होते तेवढ्यात उचगावहून बाईंचा फोन आला. या बाईंनी मला सातवीत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर शाहूवाडीकडच्या गावांत फिरून त्या भातलावणीची गाणी रेकॉर्ड करत आल्या होत्या. गाणाऱ्यांपैकी निम्म्या म्हाताऱ्या आता हयात नाहीत. मशीन सुरू होत नाही, काळ्या स्क्रीनवर इंग्रजी ओळी येऊन थांबतंय, असं त्या म्हणाल्या.

ते मशीन मीच बसवलं होतं. लिनक्स टाकलेलं, आणि सगळं दोन्हींवर सारखंच उतरेल अशी दोन डिस्कची जोडी. एक गेली तरी दुसरी असते, वेगळी कॉपी कशाला, हेही मीच त्यांना सांगितलं होतं. गाडीवरून जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना.

स्क्रीनवर आलं होतं की जोडी सुरू करता येत नाही, दुरुस्तीसाठी पासवर्ड द्या. पासवर्ड टाकून मी मशीननं ठेवलेल्या नोंदी वाचल्या. पहिल्या डिस्कच्या नावानं वाचताना चूक, वाचताना चूक, अशी रांगच लागलेली. दुसरी ठणठणीत, फक्त जोडीतून बाहेर पडलेली. मला वाटलं, सोपं आहे. चांगलीवरून जोडी सुरू करायची आणि तिच्यावरचं सगळं पहिलीवर पुन्हा उतरवायचं. खराब जागा कधीकधी त्यातच सुधारतात. कमांड टाइप केली. एंटर तेवढं राहिलं होतं.

मागं उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "ही चांगली हाय म्हणतीस, मग बाहेर कशी पडली? आणि कधी?"

मी हात मागं घेतला. दोन्ही डिस्कवर शेवटचं काही कधी उतरलं, ती वेळ काढून पाहिली. चांगली वाटणारी आठ महिन्यांपूर्वीच बाहेर पडली होती. तेव्हापासूनची गाणी फक्त त्या आजारी डिस्कवर होती, आणि मी ती स्वतःच्या हातानं पुसायला निघाले होते.

आठ महिने मशीन इशाऱ्याच्या मेल पाठवत होतं, पण त्याच्या आतल्याच एका पेटीत, जी कुणी उघडत नव्हतं. त्या मेल माझ्याकडे वळवायला मी विसरले होते. बाईंना सगळं खरं सांगितलं.

"आता काय करायचं ते कर की," त्या म्हणाल्या.

दुकानातून नवी डिस्क आणली आणि आजारी डिस्कवरचं तिच्यावर उतरवायला लागले, आधी जे सहज वाचता येतं ते, मग अडलेल्या जागा. मधेच ती डिस्क टक टक वाजे आणि पुढं सरकणारा आकडा थांबे. बाई खुर्ची ओढून बसल्या. जेवल्या नाहीत, मलाही जेव म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

दिवेलागणीला काम संपलं. दोन गाणी सोडून सगळं मिळालं. त्यातलं एक गाणारी आजी अजून होती. पुढच्या आठवड्यात बाई एसटीनं जाऊन पुन्हा रेकॉर्ड करून आल्या. दुसरी गेल्या श्रावणात वारली. तिचं गाणं दुसऱ्या कडव्यात तुटतं. मी ते काढून टाकू का, असं विचारलं, तर बाईंनी नको म्हणून सांगितलं आणि यादीत तिच्या नावापुढं लिहिलं, "पुढचं गेलं."