समोर बघणारी आई

जुन्नरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हाला फोटोपत्रकारिता हा विषय होता. शिकवायला येणारे सर पूर्वी वर्तमानपत्रांसाठी फोटो काढत. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "लग्नातला फोटोग्राफर म्हणतो, इकडं बघा. तुम्ही तसं म्हणालात की बातमी मेली. माणूस कॅमेऱ्यात बघायला लागला, की तो स्वतःचं काम सोडून तुमचं काम करायला लागतो."

मला हे फार पटलं. लोकांशी बोलायला मला जड जातं. कुणाला काही न सांगता, न विचारता फोटो काढायचे, हे माझ्या स्वभावाला धरून होतं.

परीक्षेसाठी एका माणसाच्या दिवसभराच्या कामाचे फोटो काढायचे होते. मी आईला निवडलं. कॉलेजचा कॅमेरा शनिवारी मिळाला, तो घेऊन आमच्या गावी, आण्याला, घरी आले. बाजरीची काढणी चालू होती.

आईला फोटो म्हणजे उभं राहणं एवढंच माहीत होतं. मी कॅमेरा वर केला, की ती विळा खाली ठेवायची, पदर सारखा करायची आणि राष्ट्रगीताला उभं राहावं तशी हात सरळ सोडून उभी राहायची.

"आई, तू काम कर ना."

"मग फोटू कुणाचा काढतीस, बाजरीचा?"

"तुझाच. पण माझ्याकडं बघू नको."

"लई शानी झालीस. लोकं म्हणतील, पोरीनं आईला वाकलेलीच दावली."

वडील बांधावरून म्हणाले, "अगं, तोंड चुकवून काढतीय ती. कॅमेरा फुटंल म्हनून."

"तुमचा काढला आस्ता तर फुटला आस्ता," आई म्हणाली.

दुपारनंतर तिला जमायला लागलं. मी जवळ गेले की ती एकदाच माझ्याकडे बघायची, मी आहे याची खात्री करायची, आणि मान वळवून कणसं खुडायला लागायची. ते एकदा बघणंही कॅमेऱ्यात येत होतं.

रविवारी संध्याकाळी मी निवड करायला बसले. निवडताना माया करायची नाही, असं सरांनी सांगितलं होतं. उजेड कुठून येतोय, हात काय करतायत, मागे नको ते काही आलंय का, एवढं बघायचं. आई ज्यात माझ्याकडे बघत होती ते सगळे फोटो मी पुसून टाकले. काहींत ती हसत होती, एकात काहीतरी बोलत होती. उरलेले चांगले होते. सोमवारी कार्ड रिकामं करून कॅमेरा परत दिला.

दिवाळीनंतर एका सकाळी डोकं दुखतंय म्हणून आई पडवीत आडवी झाली. दवाखान्यात न्यायला गाडी केली, पण आणे घाट उतरेपर्यंत ती गेली होती.

दशक्रियेला फोटो लागतो. खुर्चीवर ठेवून हार घालतात, येणारा प्रत्येक जण त्याला हात जोडतो, आणि मग तो घरात भिंतीवर लागतो. आईच्या लग्नाच्या अल्बमची पानं ओल लागून एकमेकांना चिकटली होती. माझ्या फोनमध्ये पाखरं होती, डोंगर होते, पुस्तकांची पानं होती. पुसलेले फोटो परत मिळतील का म्हणून कॉलेजात विचारलं, तर त्या कार्डावर नंतर बाकीच्या मुलांनी फोटो काढलेले.

मी आणि वडील आळेफाट्याला फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मी काढलेले फोटो एकेक करून पाहिले.

"ताई, फोटो लई भारी हायेत. पण हे पेपरातले झाले. समोर बगनारा नाय का एखादा? मानसांनी हात कुणाला जोडायचे?"

मग एका बाजूच्या चेहऱ्यावरून त्याने कॉम्प्युटरवर दुसरी बाजू तयार केली. पडद्यावर एक बाई आली. वडील वाकून बघत राहिले.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

दुकानदाराने ती काढून टाकली आणि आईचं आधार कार्ड मागितलं. "निम्म्या तालुक्याच्या भिंतीवर आधारचेच फोटो हायेत, दादा." त्या फोटोत आई घाबरलेली होती. त्याने तो मोठा केला, मागे आभाळ घातलं आणि अंगावर हिरवी साडी चढवली.

"हिरवी नको," वडील म्हणाले. "तिला आवडत नव्हती."

"सवाष्ण गेली ना, दादा. हिरवीच घालत्यात."

वडिलांनी पैसे दिले. त्या फोटोला सगळ्यांनी हात जोडले. आता तो भिंतीवर आहे.

पाहुणे गेल्यावर वडिलांनी मला बाजरीच्या काढणीचे फोटो दाखवायला सांगितले. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. वाकलेली आई, पाठमोरी आई, कणसावरचे हात, घागर तोंडाला लावलेली आई. त्यांनी ते दोनदा पाहिले.

"बगू नको म्हनून सांगितलं व्हतंस ना?"

"हो."

"एकातबी न्हाई बघितलं," ते म्हणाले. "लई ऐकायची तुझं."

पडद्यावर आई खळ्यात पाठमोरी बसलेली होती. वडील जरा कडेला सरकले आणि मान वाकडी करून, तिचं तोंड पलीकडून दिसतंय का ते बघू लागले.