न तापता बोलणारं मशीन

पलूसकडच्या आमच्या गावात जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान आण्णांच्या आवाजावर चालायचं. आण्णा म्हणजे माझे वडील. जोड्या पुकारायचा मान त्यांचा होता. ते पुकारायचे असे, की हरलेल्या पैलवानालाही आपण काहीतरी कमावलं असं वाटावं.

मग मिरजेला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि गळाही गेला. उरला तो शेजारच्याला जेमतेम कळेल असा बारीक आवाज. लोक "काय?" म्हणाले की त्यांचा चेहरा पडायचा. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. पाणी हवं असलं तर तांब्या वाजवायचे. मला त्या तांब्याचा भयंकर राग यायचा. रडत बसण्यापेक्षा रागावलेलं बरं, असा माझा स्वभाव.

जत्रा जवळ आली तशी पंचांनी दुसरा पुकारणारा शोधायला सुरुवात केली. माझा थोरला भाऊ, दादा, सांगलीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता. तो येऊन पंचांना म्हणाला, "आण्णाच पुकारत्यात. मशीन मी आणतो."

एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली वर्षं. तोवर आमच्याकडं लाऊडस्पीकरचं मशीन म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचं, दोघांनी उचलायचं धूड. बटण दाबलं की व्हॉल्व्ह लाल होऊन तापेपर्यंत थांबावं लागे. तेवढ्यात चहा व्हायचा, आणि माईकपुढं कुणी काहीही बोलायचं, अगदी शिव्यासुद्धा. बाहेर काही जात नसे. त्यातून बॅटरीवर चालवलं तर कर्ण्यातून एकसारखी घूं सुरू व्हायची. त्या घूंवर मात करायला आण्णांचा जुना गळाच हवा.

दादाच्या मशीनमध्ये काच नव्हतीच. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलेले बोटाच्या पेराएवढे ट्रान्झिस्टर, बस्स. जत्रेच्या सकाळी आमच्या ओसरीवर दादाचं तारांना कथलाचे शेवटचे डाग देणं चाललं होतं आणि आण्णा कधीच मैदानाकडं गेले होते. दादानं तारा ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावल्या. मी कर्ण्याला कान लावला. घूं नाही, खरखर नाही.

"बंद हाय की रं!" मी म्हणाले.

दादानं माईकवर नुसता श्वास सोडला आणि तो श्वास ओसरीभर झाला. माझ्या अंगावर काटा आला. न तापता, न धुमसता, एवढ्याशा धातूच्या तुकड्यांतून माणसाचा श्वास मोठा होऊन बाहेर पडतो! मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात, ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मी दादाला पुन्हा पुन्हा श्वास सोडायला लावला.

दुपारी मैदान भरलं. बायका मैदानात जात नसत; आई आणि मी ओढ्यापलीकडच्या बांधावर बसलो होतो. तिथून माणसं करंगळीएवढी दिसत होती. दादानं मशीन जोडलं, बटण दाबलं आणि तो लिंबाच्या झाडावरचा कर्णा आवळायला वर चढला. आण्णा माईकपुढं उभे राहिले. सवयीनं त्यांनी मशीनमध्ये लाल उजेड शोधला असणार. तो दिसेना, म्हणजे अजून तापलं नाही. कर्ण्यांची तोंडं आमच्याकडं, आण्णांकडं पाठ. त्यांनी शेजारच्या पंचाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बांधावर आमच्या कानाशी आण्णा बोलले.

"तापायच्या आत सांगतो गड्या. पोराचं मन मोडवंना म्हनून आलो. माज्याच्यानं न्हाई व्हायचं आता. घरात बायकूला ऐकू जाईत न्हाई, हितं कुनाला जायाचं? लय लाज वाटती. तुमी दुसरा मानूस उभा करा."

सगळ्या मैदानानं ते ऐकलं. हलगीवाल्याचा हात थांबला. झाडावर दादा नुसता हातवारे करत होता. आण्णांना वाटलं असेल, आपल्याकडं बघून लोक चुकचुकताहेत. त्यांनी माईककडं पाठ केली.

तेव्हा आई उठली. चारचौघांत नवऱ्याशी मोठ्यानं बोलणं तिनं जन्मात केलं नव्हतं. सासऱ्यांदेखत तर तिनं हूं-हूंवरच संसार केला. ती बांधाच्या पार टोकाला गेली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि ओरडली,

"आवं, ऐकू येतंय! मला ऐकू येतंय!"

कडेच्या लोकांनी ते पुढच्यांना सांगितलं, पुढच्यांनी आखाड्यापर्यंत नेलं. आण्णा वळले. त्यांनी आधी मशीनकडं पाहिलं, मग ओढ्याकडं. एवढ्या लांबून आई त्यांना ओळखू आली की नाही, कोण जाणे.

माईकजवळ येऊन ते अगदी हळू, घरातल्यासारखं म्हणाले, "बस खाली. पडशील."

आई बसली, आणि आण्णांनी पहिली जोडी पुकारली.