दुपारची शिराझ

आत्याबाई हळद शिजवायच्या जागी पाय घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला, म्हणून मी कुरुंद्याला आले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नवऱ्याची नाशिकच्या कारखान्यातली रजा संपली, तो परत गेला. मी थोड्या दिवसांसाठी म्हणून मागे राहिले. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत.

नाशिकला मीही नोकरी करत होते, एका वायनरीत. शिरड शहापूरला माझ्या माहेरी अजून 'द्राक्षाच्या कंपनीत' एवढंच सांगितलेलं आहे. टाक्यांमधला रस आंबत असताना त्यातली साखर तपासायची आणि रोज चाखून बघायचं, हे माझं काम. चाखून थुंकायचं असतं. पण तिथली शिराझ, काळ्या द्राक्षांची लाल वाईन, मला कधी थुंकवली नाही. उशिरा तोडलेल्या, वेलीवरच सुरकुतायला लागलेल्या द्राक्षांची, अल्कोहोल पंधरा टक्क्यांपर्यंत चढणारी. ग्लासात एवढी गडद की पलीकडचं बोट दिसत नाही. आधी पिकल्या जांभळाचा वास, मग काळी मिरी, आणि गिळल्यावर हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा. मग छातीत सावकाश उतरणारी ऊब. दांडगी वाईन. मला तशीच आवडते.

नवरा येताना एकदोन बाटल्या चादरीत गुंडाळून आणतो. फ्रिजमध्ये ठेवायची सोय नाही, कारण गल्लीतल्या बाया थंड पाण्यासाठी आमचाच फ्रिज उघडतात. इकडच्या उन्हात तापली तर ती नुसती दारू लागते, म्हणून ओलं फडकं गुंडाळून न्हाणीच्या कोपऱ्यात बादलीमागं ठेवते. रिकामी झाली की आणखी पंचाईत. भंगारवाला बाटल्या भर गल्लीत मांडून बसतो. तेव्हा लेबल भिजवून काढते आणि बाटली नवऱ्याच्याच बॅगेत परत नाशिकला पाठवते. बाटल्या जातात-येतात. मी इथंच.

दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला की मी मधल्या खोलीचं दार लावून आतून कडी घालायची. स्टीलच्या पेल्यात थोडी ओतायची आणि भिंतीला टेकून बसायची. दिवसभरात तेवढाच वेळ माझा होता. त्यातही हळदीचा हंगाम सुरू झाला की गावभर तो उग्र, मातकट वास भरतो. पेल्यात नाक खुपसलं तरी हळदच येते. जे नाक घडवायला मला वर्षं लागली, ते इथं बिनकामाचं होऊन राहिलं होतं, आणि हे ज्याला सांगावं असं घरात कुणी नव्हतं.

एका दुपारी बाहेरून आवाज आला, "काय पेऊन राहिलीस गं?"

मी दार उघडलं. आत्याबाई जाग्याच होत्या.

"सरबत."

"सरबताचा असा वास न्हाई येत. आण इकडं."

मी पेला त्यांच्या नाकापाशी धरला. त्यांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. "तुझा सासरा पेऊन आला की मी लेकरं घेऊन मागच्या दारानं निघायची. तू पेऊन काय करतीस?"

"काही न्हाई. बसते."

"नुसती बसतीस?"

"व्हय."

"मंग काहून पेतीस?"

"आवडतं मला."

या घरात मला काही आवडतं, असं मी पहिल्यांदाच बोलले होते. माझे कान गरम झाले. त्या आढ्याकडं बघत म्हणाल्या, "पी. पर कडी लावत जाऊ नको. कडी वाजली की मला वाटतं, गेलीस तू. मला तर उठून बघता बी येत न्हाई."

तेव्हापासून मी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून, दाराकडं पाठ करून पिते. चोरी संपली. पण ती बंद दारामागची दुपारही संपली.

द्राक्षाच्या पुढच्या हंगामाआधी वायनरीतून माझ्या साहेबांचा फोन आला. "तोडणी सुरू होतेय. दोन महिने तरी या." मी आत्याबाईंना विचारलं.

"जा की," त्या म्हणाल्या. "ठेव एखादी बाई."

गल्लीतली एक बाई ठरवली. पहिल्याच दिवशी तिनं त्यांना उठवताना काखेत नीट हात घातला नाही. आत्याबाई ओरडल्या. मग "काही न्हाई, काही न्हाई" म्हणत राहिल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. मला कुणी थांब म्हटलं नव्हतं. कुणी म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सकाळी मी साहेबांना फोन करून नाही म्हणाले, आणि मोबाईल उशीखाली ठेवून भाकरी थापायला बसले.

दिवाळीत नवऱ्यानं त्याच हंगामातली नवी शिराझ आणली. तो झोपला होता. मी पेल्यात ओतली, हुंगली, पहिला घोट जिभेवर फिरवला. तुरटपणा मऊ झाला होता. मिरी अगदी नीट बसली होती. मी असते तर याहून वेगळं काही केलं नसतं.

"कशी हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"चांगली हाय."

"तुझ्याबिगर केली?"

"व्हय."

"मंग वाईट व्हाया पायजे व्हती," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. उरलेले दोन घोट मी संपवले, त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठीला पावडर लावायला घेतली.