आजाऱ्यांच्या बाकावरचा डीकन

“तुमचं हृदय थकलंय,” डॉक्टर म्हणाले आणि टू-डी इकोचा कागद त्यांनी माझ्याकडं फिरवला. टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. कागदावर इजेक्शन फ्रॅक्शन असं लिहून पुढं तीसचा आकडा होता. दर ठोक्याला हृदय आतलं रक्त किती बाहेर ढकलतं, त्याचं हे माप. चांगल्या माणसाचं साठच्या आसपास असतं. माझं निम्मंच. या दुखण्याला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात, म्हणजे हृदयाचा स्नायू ताणून सैल पडणं.

मी काय विचारलं? रविवारची मिस्सा उरकून सोमवारी ॲडमिट झालो तर चालेल का! डॉक्टरांनी चष्मा काढला. “तुमच्याशिवाय मिस्सा होत नाही का?”

होते की. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, फादर अर्पण करतात. मी डीकन, म्हणजे फादरच्या खालची पायरी, आणि ती माझ्यासारख्या लग्न झालेल्या माणसालाही मिळू शकते. मी वेदीवर बायबलमधलं शुभवर्तमान वाचतो, बाप्तिस्मा देतो, आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन जातो. आठवडाभर नागापूरला वर्कशॉपमध्ये फिटर, आणि सुट्टी मिळाली की मोटारसायकलवर शेवगाव, पाथर्डी. अकरा वर्षं हेच चाललं होतं. माझी बायको सरला याला लष्करच्या भाकरी भाजणं म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो.

दम सहा महिन्यांपासून लागत होता. पायांवर सूज यायची, मोजा काढला की वळ तसाच राहायचा. मी म्हणायचो, पित्त आहे. सोडा प्यायचा आणि निघायचं. तुमच्यापैकी कुणाला सपाट झोपल्यावर दम लागत असेल, उशीवर उशी घ्यावी लागत असेल, तर बाबांनो, पित्ताच्या नावावर ढकलू नका. मी ढकललं आणि त्यात माझा शहाणपणा काहीच नव्हता.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर शेवगावकडचे एक शेतकरी होते. माझ्या गळ्यातला क्रूस बघून त्यांनी विचारलं, “फादर हाय का तुमी?” मी सांगितलं, फादर नाही, डीकन. मग डबा घेऊन आलेल्या सरलाकडं त्यांनी बघितलं. “आन् ह्या ताई?” म्हटलं, बायको. ते इतके हसले की छातीवरची वायर निसटली आणि मशीन ओरडायला लागलं. सिस्टर मलाच रागावल्या.

आठ दिवसांत हसलो ते तेवढंच. भेटायची वेळ चार ते सहा. मी पावणेचारला केस विंचरून बसायचो. अकरा वर्षांत कुणाकुणाच्या खाटेजवळ बसलो होतो मी! वाटलं, रांग लागेल. फादर एकदा आले, आजाऱ्यांचं पवित्र तेल कपाळाला लावून प्रार्थना करून गेले. बाकी कुणी नाही. पुढं कळलं, लोक म्हणत होते, डीकनला कशाला धीर द्यायचा, तेच सगळ्यांना देतात. मला रडू आलं. पुरुषासारखा पुरुष, चादर तोंडावर घेऊन रडलो.

सरला रोज यायची. बिनमिठाची भाजी, मोजून पाणी. ती स्टुलावर बसायची, मी खाटेवर. बोलायला काही निघायचंच नाही. परक्याच्या घरी मी तासभर बोलू शकत होतो, आणि इथं आपलं नळाला पाणी आलं का, एवढंच.

डॉक्टरांनी तीन महिने घरी बसवलं. खरी एकटेपणाची गंमत तिथं कळली. घर माझ्यावाचून उत्तम चालत होतं. साडेसात वाजता सरला एकच ताट वाढून मालिका बघत जेवायची. आता दुसरं ताट काढायचं तिच्या लक्षातच राहायचं नाही. संध्याकाळी शेजारणीबरोबर फिरायला जायची. मी पलंगावर, पाहुण्यासारखा. आपल्याच घरात आपली जागा उरली आहे की नाही, ही धास्ती दुखण्यापेक्षा मोठी झाली.

पाथर्डीकडच्या सगुणामावशींना फोन केला. लेकसुना ऊसतोडीला गेले की त्या घरी एकट्या असतात. दर शनिवारी मी कम्युनियन न्यायचो. माझ्यावाचून त्यांचं कसं होत असेल, याचा मला घोर होता. त्या म्हणाल्या, “आता कॉन्व्हेंटच्या सिस्टर येत्यात. लई ग्वाड बोलत्यात. तुमी नका काळजी करू.” फोन ठेवला आणि खरं सांगतो, मला राग आला.

त्याच आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. जेवण झालं, मी आभाराची प्रार्थना म्हटली, आणि मिस्सेच्या शेवटी डीकन लोकांना निरोप देतो तसं सवयीनं हात जोडून सरलाला म्हणून गेलो, “शांतीने जा.”

ती ताटं उचलत होती. थांबली.

“कुठं जाऊ?” ती म्हणाली. “मी घरीच आहे. जाणारे तुम्ही.” मग खाली बसली. “तुम्हांला डीकन करायच्या आधी बिशपनी माझी संमती घेतली, सही घेतली. वेदीवर उभं राहायला दिली होती ती मी. घरातून उठून जायला नव्हती दिली.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नवरा-बायकोवर मी चर्चमध्ये किती प्रवचनं झोडली असतील! त्या दिवशी ताटं मी घासली. नीट निघाली नाहीत, तिनं परत घासली.

तीन महिन्यांनी इको केला. आकडा चाळीसवर आला होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उभं राहू शकता, पण आठवड्यात चर्चचं काम एकच. फादर म्हणाले, मग रविवारी वेदीवर या. मी म्हटलं, एवढ्यात नाही, थोडे दिवस खाली बसतो. हे मी सरलाला न विचारता ठरवलं. सवय कुठं जाते?

आमच्याकडं चर्चमध्ये बायका एका बाजूला बसतात, पुरुष दुसऱ्या. मागचं एक बाक तेवढं आजाऱ्यांचं, तिथं जोडपी एकत्र बसलेली चालतात. आजारपणाचे आभार मानायचे तर यासाठी मानतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी बायकोच्या शेजारी बसलो. तिला वाचताना चष्मा लागतो, हेही तिथं कळलं.

मिस्सेत एक वेळ येते, एकमेकांना शांती द्या असं सांगितलं जातं, आणि प्रत्येक जण शेजारच्याकडं वळून हात जोडतो. ते सांगायचं काम डीकनचं. त्या दिवशी फादरनीच सांगितलं. मी सरलाकडं वळलो, हात जोडले. ती सवयीनं पलीकडच्या म्हातारीकडं वळली होती. मग पुढच्या बाकाकडं. मग मागं.

मी हात जोडूनच उभा राहिलो.

सगळ्यात शेवटी तिनं इकडं बघितलं. “अगं बाई,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही इथं आहात, होय?”

म्हटलं, आहे.