रेघ नसलेली गोळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी बिबवेवाडीच्या काकांचे असं सांगतो. आईवडिलांनाही ते मान्य आहे. काका नात्यातले नाहीत. आमच्या गावचा टोमॅटो रात्रीतून मार्केट यार्डात पोचवणाऱ्या टेम्पोचे ते ड्रायव्हर. बारावीनंतर मी पुण्याला आलो तो त्याच टेम्पोतून, आणि पदवी मिळेपर्यंत राहिलो ते काका-काकूंच्या एका खोलीत. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. काका दिवसा डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपायचे आणि मी शेजारी बसून रसायनशास्त्र मोठ्याने पाठ करायचो. ओळीने इतक्या रात्री जागून हा माणूस गाडी कशी चालवतो, याचं मला कौतुक वाटे. ती जाग धाब्यावर पुडीतल्या पावडरीतून मिळत होती, हे माझ्या रसायनशास्त्राला बरीच वर्षं कळलं नाही.

पुढे मला एका दवाखान्यात नोकरी लागली. अशा पावडरीचं व्यसन सोडवायला एका गोळीचा उपयोग होतो का, याची तिथे चाचणी चालू होती. काही जणांना औषधाची गोळी मिळे, काही जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे घेणाऱ्याला सांगायचं नसतं आणि देणाऱ्यालाही कळू द्यायचं नसतं. देणारा मी. गावी गेलो की लोक विचारत, काय काम करतोस? गोळ्या देतो. कसल्या? ते माहीत नाही. मग वडील पावसापाण्याचं काढत.

एक दिवस काकू काकांनाच घेऊन आल्या. टेम्पो चालवणं केव्हाच सुटलं होतं, काका यार्डातल्या एका गाळ्यावर बसत. सोबत त्याच गाळ्यावरचा एक हमाल होता, काकांचा जिवलग, दुखणंही तेच. ही माझी माणसं आहेत, हे मी आमच्या मुख्य डॉक्टरबाईंना लगेच सांगितलं.

"तुम्ही त्यांना ओळखता. गोळी ओळखता का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग बसवा त्यांना."

सही घेण्याआधी माणसाला सगळं समजावून सांगायचं असतं. ते काम मी मनापासून करत असे. छापील माहितीपत्रक वाचून झालं की पदरचं एखादं उदाहरण देत असे. "समजा, तुम्ही दोघं आहात," मी म्हणालो. "एकाला औषधाची गोळी मिळेल, दुसऱ्याला नुसती."

"मला कंची?" काकांनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही."

काका हमालाकडे वळले. "एवढा शिकिवला ह्याला. तरी माहीत न्हाई."

"आपल्या पुडीवाल्याला तरी कुठं माहीत असायचं, आत काय हाय ते," हमाल म्हणाला. "पर त्यो एवढ्या सह्या घेत न्हवता."

दोघांनी सह्या केल्या. दर मंगळवारी यायचं, लघवीची बाटली द्यायची, आठवड्याच्या गोळ्या न्यायच्या. काका चुकले नाहीत. आधी त्यांच्या बाटलीत जे सापडायचं, ते हळूहळू सापडेनासं झालं. हमालाचंही तसंच. "मंगळवारी दाढी करून निघतात," काकू म्हणाल्या. "लग्नाला उभे राहिले तेव्हा केली नव्हती."

मग एका मंगळवारी काका खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "एक तक्रार हाय. लिहून घे."

मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणं, सगळं लिहून घ्यायचा नियमच होता. मी पेन उघडलं.

"गोळीला मधी रेघ न्हाई. तुझी काकू इळीवर धरती, तर चुरा व्हतो."

"विळीवर कशाला?"

"निम्मी कराया. माझी निम्मी ह्याला, ह्याची निम्मी मला. तूच म्हनला न्हवं, एकाला खरी आन् दुसऱ्याला नुसती? मग खरी एकट्यानंच खायाची व्हय? च्या बी आमी एकातच दोगं पितो."

"वैनी चुरा बी सारखा वाटत्यात," हमालाने सांगितलं.

मी पेन खाली ठेवलं. दोघांनाही आता चाचणीतून काढावं लागणार होतं. माझा चेहरा बघून काकांना ते समजलं असावं.

"म्हंजी मंगळवारी यायचं न्हाई?" ते म्हणाले. गोळीचं त्यांनी काही विचारलं नाही. "तुझ्याम्होरं बाटली ठिवायची असती, म्हनून मी आठवडाभर हात आखडून ऱ्हातो. ती बी बंद झाल्यावर रं?"

ऐकलंच नाही असं करता आलं असतं. पण तक्रार लिहून घे, असं त्यांनीच सांगितलं होतं. मी लिहिली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"उदाहरण कुणी दिलं होतं?"

"मी."

"छान दिलंत. समजलं त्यांना." कागद माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "समता चांगलीच आहे. आपल्या चाचणीत तेवढी नको. यापुढे पत्रक छापलंय तसंच वाचत जा, पदरचं काही घालू नका. आणि दोघांना कळवायचं पत्र तुम्हीच लिहा. आपली रोजची ओपीडी मंगळवारी बंद असते, असं मी काही ऐकलेलं नाही."

हमालाचं पत्र वेगळं गेलं. काकांना पाठवलं ते हे. त्यांना विचारूनच इथे देतो आहे. 'नाव घालू नगं, गाडीचा नंबर बी नगं,' एवढीच त्यांची अट.

"काका,

हे पत्र दवाखान्याचं आहे म्हणून छापील आहे, आणि खाली सही माझी आहे म्हणून माझंही आहे. गोळ्या अर्ध्या करून वाटून घेतल्यामुळे आपल्याला व आपल्या मित्रांना चाचणीतून कमी करण्यात येत आहे. याला नापास होणं म्हणत नाहीत. उरलेल्या गोळ्या परत कराव्यात, चुरासुद्धा.

आपल्याला कुठली गोळी मिळत होती, ते मला अजून माहीत नाही. दोघांना एकाच प्रकारची मिळत असणंही शक्य आहे. तसं असेल तर काकूंनी विळीवर केलेली मेहनत वाया गेली, एवढं त्यांना माझ्या वतीने सांगावं.

मंगळवारी नेहमीच्या वेळेला यावं. चाचणी नसली तरी ओपीडी आहे, बोलायला डॉक्टर आहेत, आणि मी त्याच खुर्चीवर असेन. गोळी मात्र देणार नाही, त्यामुळे या वेळी काय देतो आहे ते मला नक्की माहीत आहे. दाढी करून यावं, मित्रांनाही आणावं. चहा तिघांत एक घेऊ. फक्त बाटली ज्याची त्याने द्यायची आहे. तिथे वाटणी चालत नाही."