मायनं देल्लं संत्र

आज संत्र सोलताना सालीचा फवारा डोळ्यात गेला आणि मी मोर्शीजवळच्या ज्या शाळेत शिकवायचे तिथली निशा आठवली. तिसरीत होती, पण तिला अक्षरं जोडता येत नव्हती. शाळा सुटल्यावर मी तिला रोज वाचायला बसवायचे. वाचता आलं नाही तर तिला संत्र्याच्या बागेत तोडणीला लावायचं घरच्यांनी ठरवलं होतं.

त्या दिवशी वाचन तपासायला साहेब आले. त्यांनी तिच्यापुढं चित्र नसलेली पट्टी ठेवली: ‘आईने मला संत्रे दिले.’ निशाचं बोट पहिल्या अक्षरावर अडलं. नखात संत्र्याचा रस वाळलेला होता. माझ्या हातातला खडू घामानं ओला झाला.

‘‘मायनं मले संत्र देल्लं,’’ ती एका दमात म्हणाली.

‘‘चूक. इथं माय कुठं लिहिलंय?’’ साहेबांनी विचारलं.

संपलं सगळं, असं मला तेव्हा वाटलं. शब्दाचा अर्थ मनात उतरला की पोरं असंच आपल्या बोलीत वाचतात, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

निशानं बोट हलवलं नाही. ‘‘लिवलं तं आईच हाये, सर,’’ ती म्हणाली. ‘‘पण संत्र तं मायच देते ना.’’